पिल्लू, पिंजरा आणि नऊ ते सहा

नऊ तास ऑफिस, जाऊन-येऊन दोन तास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, आणि घरी तीन महिन्यांचं बॉर्डर कोलीचं पिल्लू. दिवसभर त्याला ठेवायचं कुठे? हल्ली या प्रश्नाचं रेडीमेड उत्तर मिळतं: क्रेट. म्हणजे दार असलेला, तारेचा किंवा प्लॅस्टिकचा पिंजरा. ट्रेनर म्हणतो, "कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला आवडतं ते." शेजारच्या काकू म्हणतात, "मुक्या जिवाला कोंडून ठेवता, कुठे फेडाल हे पाप?" दोघंही एकदम ठाम. आणि दोघांच्याही बोलण्यात इतिहास जवळजवळ शून्य :)

एखादा बग समोर आला की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे नक्की कधीपासून होतंय? तोच प्रश्न इथे विचारून बघितला. माणसाकडे कामाची कुत्री हजारो वर्षांपासून आहेत. मग मालक कामावर गेल्यावर कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या आधी किती जणांना पडला होता?

उत्तर शोधायला बॉर्डर कोलीच्या गावाला जाऊ. नावातली 'बॉर्डर' म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंडची सरहद्द. उघडे डोंगर, पाऊस, वारा आणि मेंढ्या. जेम्स हॉग हा स्कॉटिश लेखक याच भागातला, स्वतः मेंढपाळ होता (१७७० ते १८३५). त्याने आपल्या सिरा नावाच्या कुत्र्याबद्दल लिहून ठेवलंय. एका रात्री सातशे कोकरं बिथरली आणि तीन कळप तीन दिशांना पळाले. अंधारात काही दिसेना. हॉग आणि त्याचा सोबती रात्रभर शोधत राहिले आणि शेवटी हात हलवत परत निघाले. सकाळी बघतात तर एका घळीच्या तळाशी सिरा उभा, आणि सगळी कोकरं त्याच्यासमोर जमा. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी बघतही नव्हतं.

आपल्याकडे धनगरांबरोबर जी कुत्री असतात ती राखणीची. कळपाच्या आसपास राहायचं, लांडगा आला तर अंगावर जायचं. बॉर्डर कोलीचं काम वेगळं. त्याने मेंढ्या हाकायच्या असतात, त्याही न चावता. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने याची छान फोड केली आहे. लांडग्याची शिकार म्हणजे एक साखळी असते: सावज हेरणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकड, मारणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीतल्या मधल्या कड्या प्रचंड वाढवल्या आणि शेवटच्या दाबून टाकल्या. म्हणजे बॉर्डर कोली हा असा शिकारी आहे, ज्याची शिकार कधी पूर्णच होत नाही. त्याला बक्षीस मिळतं ते पाठलागातूनच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या जातीचा मूळपुरुष मानला जातो तो हेम्प. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमधल्या वेस्ट वुडबर्न इथे ॲडम टेल्फरकडे जन्मला. बाप रॉय शांत आणि मोकळा, आई मेग इतकी रोखून बघणारी की मेंढ्यांबरोबर स्वतःच मंत्रमुग्ध व्हायची. हेम्पमध्ये दोघांचं उत्तम मिश्रण उतरलं. १९०१ मध्ये तो गेला, पण आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कोलीच्या वंशावळीत तो कुठे ना कुठे सापडतोच. म्हणजे बाणेरच्या दहाव्या मजल्यावरच्या पिल्लाच्या सुद्धा!

आता मुद्द्याचा प्रश्न. हेम्पसारखी कुत्री रात्री कुठे झोपायची? गोठ्यात, कोठारात, नाहीतर खोपटात, बऱ्याचदा साखळीने बांधलेली. मेंढपाळ कुत्र्याला रात्री मोकळं सोडत नसे, कारण मोकळा कुत्रा स्वतःच मेंढ्यांमागे लागू शकतो, आणि शेजाऱ्याच्या मेंढीला इजा झाली तर मग कुत्र्याची खैर नाही. तेव्हा 'पूर्वीची कुत्री कशी मोकळी असायची' हे काकूंचं चित्र खरं नाही. बंद जागा तेव्हाही होती.

नव्हतं ते एकटेपण. दार उघडायचं ते कामासाठी, आणि मालक जिथे जाईल तिथे कुत्रा. चर्चमध्ये सुद्धा! मेंढपाळ रविवारी प्रार्थनेला आला की कुत्रा बाकाखाली बसायचा. मग कधीतरी दोन कुत्र्यांची जुंपायची. उत्तर वेल्समधल्या क्लिनोग वाउरच्या चर्चमध्ये यावरचा इलाज आजही ठेवलेला आहे: भांडणारा कुत्रा धरून बाहेर काढायचा लांबलचक लाकडी चिमटा, त्यावर १८१५ साल कोरलेलं. चर्चला अशी वस्तू बनवून घ्यावी लागते म्हणजे कुत्री किती नेमाने येत असतील, विचार करा. कुत्र्याला घरी ठेवून यायचं ही कल्पनाच तिथे नव्हती.

म्हणून सगळं गोड होतं असं मात्र नाही. त्याच ब्रिटनमध्ये स्वयंपाकघरात राबणारी कुत्र्यांची एक जात होती, टर्नस्पिट. लांबट अंग, आखूड पाय. विस्तवावर मांसाचा मोठा तुकडा भाजताना सळई सतत फिरवावी लागते. त्यासाठी भिंतीवर उंच एक लाकडी चाक बसवलेलं असे आणि त्या चाकात कुत्रा. तो चालत राहिला की चाक फिरणार, चाकाला जोडलेल्या दोरीने सळई फिरणार. जॉन कीझच्या कुत्र्यांवरच्या पुस्तकाचं १५७६ मध्ये इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात या कुत्र्याचा उल्लेख आहे. म्हणजे कामाच्या वेळात पेटीत ठेवलेला कामाचा कुत्रा हवा असेल तर तो हा. फरक इतकाच की इथे पेटी हेच काम होतं. पुढे यांत्रिक फिरकी स्वस्त झाली आणि एकोणिसाव्या शतकात ही जात हळूहळू नाहीशी झाली. वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात 'व्हिस्की' नावाचा एक पेंढा भरलेला टर्नस्पिट आहे, बाकी काही नाही. काम संपलं, कुत्रा संपला.

तिसरं उदाहरण श्रीमंतांचं. कोल्ह्याच्या शिकारीचे हाउंड कुत्रे मोठमोठ्या केनेलमध्ये ठेवत. पीटर बेकफर्डचं १७८१ चं शिकारीवरचं पुस्तक प्रसिद्ध आहे, त्यात केनेल कशी बांधावी, फरशी कशी असावी, स्वच्छता कशी ठेवावी याची तपशीलवार चर्चा आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, केनेलमध्ये कुत्रा एकटा नसे, डझनावारी भाईबंद आणि दिवसभर नोकरमाणसं असत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: इतकी उत्तम केनेल असूनही पिल्लं तिथे ठेवत नसत. आईपासून सुटली की ती आसपासच्या शेतकऱ्यांकडे, खाटकांकडे वाढायला धाडून देत. तिथे ती कोंबड्यांत, पोरांत, चिखलात हुंदडत मोठी होत आणि मगच केनेलमध्ये परत येत. याला 'पपी वॉकिंग' म्हणत. आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या ब्रिटिश संस्थेने विसाव्या शतकात हीच पद्धत आणि हाच शब्द उचलला. ज्यांच्याकडे जागा, पैसा, नोकर सगळं होतं, त्यांनाही कळत होतं की पिल्लूपण बंद जागेत काढायचं नसतं.

मग आपला प्रश्न आला कुठून? माझ्या मते तो कुत्र्याच्या इतिहासातून आलेलाच नाही. तो आला आपल्या कामाच्या इतिहासातून.

ई. पी. थॉम्प्सन या ब्रिटिश इतिहासकाराचा वेळ आणि औद्योगिक शिस्त यांवरचा १९६७ चा एक गाजलेला निबंध आहे. त्याचं सार थोडक्यात असं: कारखान्यांच्या आधी माणसं कामाप्रमाणे वेळ मोजत. मेंढी व्यायली की रात्र असो वा दिवस, उठायचं. काम नसेल तेव्हा बसायचं. घर आणि काम यांच्यात भिंत नव्हती. कारखान्यांनी घड्याळ आणलं, भोंगा आणला, आणि कामाची जागा घरापासून तोडली. माणूस ठराविक वेळी घराबाहेर पडू लागला, ठराविक वेळी परत येऊ लागला, आणि मधला वेळ त्याने विकलेला असे.

या भिंतीपलीकडे कुत्र्याला प्रवेश नव्हता. 'मालक कामावर, कुत्रा घरी' ही परिस्थिती खऱ्या अर्थाने तेव्हापासूनची. म्हणजे हजारो वर्षांच्या सोबतीत जेमतेम दोन-अडीचशे वर्षं.

याच काळात कुत्र्यांकडे बघायची नजरही बदलली. १८७३ हे साल मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या बाला इथे मेंढपाळ कुत्र्यांची पहिली गाजलेली स्पर्धा झाली. जिंकला जेम्स थॉमसन नावाचा, वेल्समध्ये राहणारा एक स्कॉटिश माणूस आणि त्याचा ट्वीड. एकीकडे कुत्रा दिसतो कसा याचे नियम, दुसरीकडे कुत्रा करतो काय याची परीक्षा. बॉर्डर कोली दुसऱ्या गटातला. १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी निघाली, तिला कुत्र्याचा रंग, कान, शेपटी यांच्याशी घेणंदेणं नव्हतं. केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती थेट १९७६ मध्ये, अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये. अमेरिकेत तर मेंढ्यांवर काम करणाऱ्या कोलींच्या मालकांनीच विरोध केला होता. त्यांची भीती साधी होती: एकदा ही शोभेची जात झाली की लोक ती घरात बसवायला घेणार.

काम सुटलेल्या कुत्र्यापुढे तसे तीनच रस्ते असतात. पहिला टर्नस्पिटचा, नामशेष होण्याचा. दुसरा जर्मन शेफर्डचा. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या माजी घोडदळ अधिकाऱ्याने या जातीचा क्लब काढला, तेव्हा जर्मनीत मेंढ्यांची कुरणं आधीच आक्रसत चालली होती. त्याने या कुत्र्यांसाठी नवीन नोकऱ्या शोधल्या: पोलीस, सैन्य. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथेही हेच. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट बंद झाला म्हणून माणसाला बेंचवर न बसवता रीस्किल केलं. आजही श्वानपथकातला कुत्रा ड्युटी संपली की केनेलमध्येच बंद असतो. पण त्याला दिवसाचं काम आहे आणि स्वतःचा हँडलर आहे.

तिसरा रस्ता म्हणजे काम नाही, नवीन नोकरीही नाही, पण जात मात्र लोकप्रिय. बॉर्डर कोली आणि हस्की यांची पिल्लं फ्लॅटमध्ये येतात ती या रस्त्याने. हेम्पची नजर, सिराची जिद्द, आणि समोर मेंढी म्हणून डिलिव्हरीवाला.

आता या गोष्टीत क्रेट कुठे येतो? मूळचा क्रेट म्हणजे वाहतुकीची पेटी. रेल्वेने, मग विमानाने कुत्रे पाठवायचे तर पेटी हवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन घरांत ती पेटी दिवाणखान्यात आली आणि तिला शिक्षणाचं साधन म्हणून मान मिळाला. न्यूयॉर्क राज्यात न्यू स्कीट नावाचा एक मठ आहे, तिथले साधू जर्मन शेफर्ड पैदा करण्याबद्दल प्रसिद्ध. पिल्लं वाढवण्यावरच्या त्यांच्या १९९१ च्या पुस्तकातही क्रेटची शिफारस आहे. यामागचा तर्क चुकीचा नाही. पिल्लू झोपायच्या जागी शक्यतो घाण करत नाही, त्यामुळे शी-शूचं वेळापत्रक बसवायला क्रेट उपयोगी पडतो. वायरी चावत नाही, प्रवासात किंवा डॉक्टरकडे राहावं लागलं तर घाबरत नाही. छोट्या पिल्लांना झोपही खूप लागते, आणि दंगा करून दमलेल्या पिल्लाला शांत कोपरा हवाच असतो.

गडबड होते ती 'गुहेत राहणारा प्राणी' या वाक्याने. लांडग्याची मादी गुहा वापरते ती विण्यासाठी आणि पिल्लांचे पहिले काही आठवडे. पिल्लं साधारण दोन-अडीच महिन्यांची झाली की कळप ती जागा सोडतो. मोठा लांडगा उघड्यावरच झोपतो. आणि गुहेला दार नसतं, हा छोटासा तपशील वेगळाच! आपल्याकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी भटक्या कुत्र्या विण्यासाठी कुठली जागा निवडतात याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की कुत्र्या माणसांपासून दूर नाही, तर माणसांच्या वस्तीला लागून जागा निवडतात. कोणी बळजबरी न करता, आईने स्वतः निवडलेली ही 'गुहा'. आडोसा तर हवा, पण माणसाच्या जवळचा.

आता साधं गणित करू. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते लघवी धरू शकतं, असा एक ठोकताळा आहे. तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे चार तास. ऑफिस आणि ट्रॅफिक मिळून अकरा. म्हणजे पहिल्याच पायरीला हिशोब फसला. बरं, पिल्लू मोठं झालं, धरायला शिकलं असं समजा. दिवसा अकरा तास, रात्री झोपेचे आठ तास, दोन्ही क्रेटमध्ये. झाले एकोणीस. उरले पाच. त्यातच आपली अंघोळ, स्वयंपाक, फोन, आणि ऑनसाइटवाल्यांचा रात्रीचा कॉल. हेम्पही दिवसाचे बरेच तास बंद असणार, पण त्याच्या उरलेल्या तासांत एक अख्खा डोंगर होता.

स्वीडनने या गणितावर कायद्याने मर्यादा घातली आहे. तिथल्या नियमांप्रमाणे दिवसा कुत्र्याला निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावंच लागतं, आणि घरात कुत्रा पिंजऱ्यात ठेवायला परवानगी नाही. प्रवास, स्पर्धा अशा कामांपुरता पिंजरा चालतो. स्वीडिश लोक नोकऱ्या करत नाहीत असं थोडंच आहे? तिथे कुत्र्यांची पाळणाघरं आहेत. पुण्यातही आता अशी सोय निघाली आहे, पण तो खर्च पिल्लाच्या किमतीत कोणी धरत नाही.

हे सगळं एवढं का उकरून काढलं, तर माझ्या टीममधल्या एका मित्राकडे असं पिल्लू आहे. नवरा-बायको दोघंही आयटीत. २०२० आणि २१ मध्ये वर्क फ्रॉम होम असताना त्यांच्या आधीच्या कुत्र्याचं मस्त चाललं होतं, कारण नकळत सगळे मेंढपाळाच्या काळात गेले होते: घर तेच काम, आणि पायाशी कुत्रा. या वेळी ऑफिस सुरू आहे आणि पिल्लू बॉर्डर कोली. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात क्रेट. पाच महिन्यांचं झालं तेव्हा ते भिंतीवर पडणारे मोबाईलच्या उजेडाचे कवडसे पकडायला लागलं. आधी सगळ्यांना मजा वाटली, व्हिडिओ काढले. मग ते कवडसा नसतानाही तासन्‌तास भिंतीकडे टक लावून बसायला लागलं. नजर रोखणं, दबा, पाठलाग. साखळी आठवली? मेंढ्या नाहीत म्हणून साखळी थांबत नाही, ती उजेडावर चालू राहते.

दोघांनी मग पशुवैद्यांना दाखवलं आणि दिवसाची मांडणीच बदलली. घरून कामाचे दिवस आलटून-पालटून घेतले. ज्या दिवशी दोघांनाही ऑफिस असतं त्या दिवशी पाळणाघर. सकाळी तासभर वासावरून वस्तू शोधायचा खेळ, म्हणजे एक प्रकारची नोकरीच. क्रेट अजून आहे, पण दुपारच्या झोपेपुरता आणि रात्री, तोही उघड्या दाराचा. टक लावणं कमी झालंय, गेलेलं नाही. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर ज्यांच्याकडे शेत आणि दिवसभर माणसं आहेत अशा घरी द्यायचं, असं दोघांनी ठरवलंय. हे बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मला त्यांचा निर्णय पटतो, कुठलाही झाला तरी. क्रेट चांगला की वाईट हा प्रश्न मुळातच अर्धा आहे. पेटी सगळ्यांकडे होती: मेंढपाळाकडे, शिकाऱ्याकडे, पोलिसांकडे. बाकीच्या वेळात कुत्र्याच्या वाट्याला काय येत होतं, यात सगळा फरक. पेटी आपण जशीच्या तशी उचलली आणि काम आणि सोबत मागे ठेवून आलो.

तेव्हा कोणी पिल्लू घ्यायच्या विचारात असाल तर या रविवारी एक कागद घ्या, चोवीस चौकोन काढा आणि पिल्लाचा मंगळवार भरून बघा. रविवार नाही, मंगळवार. जागेपणीचे चौकोन सोबतीने आणि कामाने भरत असतील तर जरूर आणा, हवा तर क्रेटही आणा. नसतील भरत, तर एखादी सुस्त स्वभावाची, वयाने मोठी देशी कुत्री दत्तक घ्या, किंवा अजून दोन वर्षं थांबा. बॉर्डर कोली कुठे जात नाही, हेम्पचा वंश बराच मोठा आहे.

असो. आज लांबलं जरा. भेटू पुढच्या वीकेंडला.